‘ॲक्टिव्ह’ दिसलं की खूश होऊ नका

या वेळी आलेल्या पत्रांत बीजीपीचीच पत्रं जास्त आहेत, म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. दोन वेगवेगळ्या नेटवर्कांचे राउटर एकमेकांना "अमुक पत्ते माझ्याकडे आहेत, तिकडचं ट्रॅफिक मला दे" असं ज्या भाषेत सांगतात ती भाषा म्हणजे बीजीपी, आणि हे बोलणं ज्या जोडणीवर चालतं तिला सेशन म्हणायचं, आणि असं सांगितलेली पत्त्यांकडची एकेक वाट म्हणजे रूट. प्रत्येक नेटवर्कला एक नंबर असतो, तो एएस नंबर. आता पत्रं घेऊ.

प्रश्न : ताई नमस्कार. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं इंटरनेटचं छोटं काम आहे, आधी केबल होती, आता घरोघरी फायबर टाकलंय. इतके दिवस अपस्ट्रीमवाल्याचेच (ज्याच्याकडून इंटरनेट घेतो त्याचेच) आयपी वापरले, आता स्वतःचा एएस नंबर आणि आयपी ब्लॉक घेतला. बीजीपी लावलं, तर दोन दिवस झाले राउटर ‘ॲक्टिव्ह’ दाखवतोय. आम्हाला वाटलं चालू झालं, पण रूट एकपण येत नाही. पिंग जातंय. समोरचे म्हणतात आमच्याकडून सगळं ओके आहे. बघायचं कुठं?

उत्तर : आधी हेच सांगते की ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे चालू नव्हे. हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांच्या डोक्यात "राउटर अजून प्रयत्न करतोय" एवढाच अर्थ होता, पण नवीन माणूस स्क्रीनवर ते वाचतो आणि काम झालं समजून घरी जातो, असं मी फार वेळा बघितलंय. चालू झाल्याचा शब्द एकच, ‘एस्टॅब्लिश्ड’. आणि बऱ्याच राउटरच्या थोडक्यातल्या यादीत तर तोही लिहून येत नाही, त्या जागी नुसता आकडा येतो, किती रूट मिळाले त्याचा. म्हणजे आकडा दिसला तर बरं, शब्द दिसला तर अजून काम बाकी आहे, एवढं भिंतीवर लिहून ठेवलं तरी चालेल.

सेशन सहा पायऱ्यांनी वर येतं आणि कुठल्या पायरीवर अडकलंय हेच तुम्हाला कुठं बघायचं ते सांगतं. ‘आयडल’ म्हणजे राउटर काही करतच नाहीये, शेजाऱ्याकडे जायचा रस्ता माहीत नाही, किंवा कुणीतरी सेशन बंद करून ठेवलंय, किंवा नुकतंच काहीतरी चुकलं म्हणून थोडा थांबलाय. ‘कनेक्ट’ म्हणजे टीसीपी जोडणी, म्हणजे बीजीपीचे मेसेज ज्यावरून जातात ती खालची जोडणी, लावायला निघालाय. ती लागली नाही की ‘ॲक्टिव्ह’, म्हणजे आता समोरून कुणी येतंय का ते ऐकत बसलाय आणि टायमर संपला की परत स्वतः प्रयत्न करणार. टीसीपी लागली की तो आपली ओळख सांगणारा ओपन मेसेज पाठवतो, ते ‘ओपन-सेंट’, समोरच्याचा ओपन आला आणि पटला की ‘ओपन-कन्फर्म’, मग एकमेकांना कीपअलाइव्ह, म्हणजे "मी आहे" एवढंच सांगणारा मेसेज, मिळाला की ‘एस्टॅब्लिश्ड’.

तुम्ही ॲक्टिव्हवर आहात, म्हणजे टीसीपीच लागली नाहीये. बीजीपीचा एक बाइटसुद्धा अजून इकडून तिकडे गेलेला नाही. त्यामुळे फिल्टर, प्रीफिक्स लिस्ट (प्रीफिक्स म्हणजे पत्त्यांचा ब्लॉक), यातल्या कशालाही आत्ता हात लावू नका, दोन दिवस त्यातच गेले असतील असं मला तुमच्या पत्रावरून वाटतंय.

पिंग जातं त्यावरून फक्त तार जोडलेली आहे आणि पत्ता बरोबर आहे एवढंच कळतं, कारण पिंग वेगळं आणि बीजीपी वेगळं, बीजीपी टीसीपीच्या पोर्ट १७९ वरून चालतं. छोट्या नेटवर्कात राउटरला बाहेरच्या लोकांपासून वाचवायला आपण फायरवॉलचा नियम टाकतो, पिंग सोडा, आपल्या ऑफिसचा आयपी सोडा, बाकी सगळं टाका, आणि शेजाऱ्याच्या आयपीवरून येणारं १७९ सोडायचं राहून जातं. ते पहिलं बघा. तुमच्याकडे पण आणि त्यांच्याकडे पण, "आमच्याकडून ओके" यावर जाऊ नका, त्यांना नियम वाचून दाखवायला सांगा. राउटरवरून त्यांच्या आयपीला १७९ वर टेलनेट मारून बघता येतं, लगेच नकार आला तर तुम्ही पोचताय पण ते तुम्हाला ओळखत नाहीत, काहीच न होता वेळ संपली तर वाटेत कुणीतरी पॅकेट गिळतंय. फक्त सेशनवर पासवर्ड लावलेला असेल तर टेलनेटचा पण वेळच संपणार, कारण पासवर्डवरून प्रत्येक पॅकेटवर जी एमडी५ नावाची सही होते ती टेलनेटच्या पॅकेटवर नसते, तेव्हा त्यावरून फायरवॉलला दोष देऊ नका.

दुसरं, तुमचा राउटर कुठल्या पत्त्यावरून बोलतोय? समोरच्याने कॉन्फिगमध्ये तुमचा जो आयपी लिहिलाय त्याच आयपीवरून हाक गेली पाहिजे. एका इंटरफेसवर दोन आयपी असले किंवा लूपबॅकवरून (राउटरच्या आतल्या, कुठल्याच तारेवर नसलेल्या पत्त्यावरून) सेशन करायचं ठरलं असलं की हमखास हा घोळ होतो, आणि मग समोरचा राउटर अनोळखी पत्ता बघून दारातूनच परत पाठवतो. लूपबॅकच असेल तर अजून एक. दोन वेगळ्या एएसमधल्या सेशनची पॅकेटं साधारणपणे टीटीएल १ ठेवून निघतात, म्हणजे तारेच्या दुसऱ्या टोकाला पोचतील पण मध्ये एक राउटर जरी आला तरी तिथेच मरतील. तसं असेल तर दोन्हीकडे मल्टिहॉप लिहावं लागतं.

तिसरं पासवर्ड. एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, किंवा कॉपी करताना शेवटी एक स्पेस आली, तर राउटर ते पॅकेट गुपचूप टाकून देतो, समोरच्याला काही कळवत नाही, आणि तुम्हाला ॲक्टिव्हच दिसत राहतं. लॉग बघा, एमडी५ ची तक्रार तिथे लिहिलेली असते.

एएस नंबर चुकीचा टाकला असता तर उलट सोपं झालं असतं, कारण मग टीसीपी लागते, ओपन जातो, आणि समोरचा नोटिफिकेशन पाठवून स्पष्ट सांगतो की हा एएस माझ्या कागदावर नाही, आणि सेशन तोडतो. ते लॉगमध्ये कोड २, सबकोड २ असं येतं. तुमच्या लॉगमध्ये नोटिफिकेशनच नाही ना, मग टीसीपीच्या पुढे जाऊच नका.

प्रश्न : मॅडम, मी नागपूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ओएसपीएफमध्ये राउटर शेजारी आपोआप शोधतो, मग बीजीपीमध्ये दोन्हीकडे हाताने का लिहावं लागतं? आणि दोन्ही राउटरनी एकाच वेळी एकमेकांना कनेक्शन लावलं तर दोन सेशन होतात का?

उत्तर : प्रश्न आवडला. ओएसपीएफ हे एका घरातलं बोलणं आहे. तिथे राउटर तारेवर हॅलो ओरडतो, जो कुणी ऐकेल तो आपलाच, कारण सगळे एकाच मालकाचे. बीजीपी दोन मालकांमधलं आहे, एक कंपनी दुसरीला सांगतेय की एवढं ट्रॅफिक माझ्यावर टाक, त्यात पैसे असतात, करार असतो, निदान शब्द दिलेला असतो. तिथे अनोळखी माणसाने येऊन "मी पण शेजारी" म्हटलेलं चालणार नाही, म्हणून दोघांनीही एकमेकांचा आयपी आणि एएस नंबर आपल्या हाताने लिहायचा, आणि एकानेच लिहिला तर सेशन होत नाही. मला तर ही या प्रोटोकॉलमधली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते.

याचा जन्म पण ऐक. जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनला इंटरनेटच्या इंजिनिअरांची बैठक होती, तिथे सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी जेवताना कागदी नॅपकिनवर याचा आराखडा लिहिला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो आरएफसी ११०५ म्हणून बाहेर आला (इंटरनेटचे नियम लिहिलेल्या नंबरवार कागदांना आरएफसी म्हणतात). एवढ्या थोड्या जागेत मावला त्याचं एक कारण असं की पॅकेट पोचलं का, क्रमाने पोचलं का, हरवलं तर परत पाठवायचं का, ही सगळी कटकट त्यांनी टीसीपीवर सोपवली आणि स्वतः फक्त रूटचं बोलले. आज आपण जी वापरतो ती चौथी आवृत्ती, तिचा आरएफसी ४२७१, २००६ चा. तो नक्की वाच, पुस्तकातल्या धड्यापेक्षा तो जास्त समजेल, खास करून त्यातला आठवा भाग.

आता दोघांनी एकदम लावलं तर. तू आईला फोन लावतोस आणि त्याच सेकंदाला आई तुला लावते, दोघांनाही बिझी लागतं, तसं इथे होत नाही, इथे दोन्ही फोन लागतात. दोन टीसीपी जोडण्या उभ्या राहतात. दोन्हीवर ओपन जातो, त्यात प्रत्येक राउटरचा आयडी असतो, ३२ बिटांचा, आयपीसारखा दिसणारा. ज्याचा आयडी मोठा, त्याने लावलेली जोडणी ठेवायची आणि दुसरी बंद करायची. दोघेही एकच नियम पाळतात म्हणून दोघेही तीच जोडणी ठेवतात, वेगळं विचारावं लागत नाही.

ओपनमध्ये अजून काय असतं ते पण बघून ठेव. आवृत्ती ४, एएस नंबर, होल्ड टाइम (समोरून काहीच आलं नाही तर किती वेळ वाट बघून तोडायचं तो), हा आयडी, आणि मग आपल्याला काय काय येतं त्याची यादी, म्हणजे आयपीव्ही६ चे रूट चालतील का, मोठे एएस नंबर समजतात का वगैरे. एएसची मूळ जागा १६ बिटांचीच आहे, त्यामुळे ज्याचा नंबर ६५५३५ च्या वर आहे तो त्या जागी २३४५६ लिहितो आणि खरा नंबर खालच्या यादीत देतो. पॅकेट कॅप्चरमध्ये २३४५६ दिसलं की मुलं घाबरतात, घाबरायचं कारण नाही. होल्ड टाइमवर भाव होत नाही, दोघांनी सांगितलेल्यातला जो कमी तो लागू. लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल राउटर उभे करून पोर्ट १७९ कॅप्चर करून हे सगळं डोळ्यांनी बघ, एका संध्याकाळचं काम आहे. कीपअलाइव्ह मेसेज अवघा १९ बाइटांचा असतो आणि त्यातले पहिले १६ बाइट नुसते एकच एक भरलेले, ते बघितलंस की कायमचं लक्षात राहील.

प्रश्न : नवी मुंबईत एका नॉकमध्ये (नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोल रूममध्ये) नाइट शिफ्टला आहे. नवीन लिंकवर बीजीपी लगेच वर येतं, एस्टॅब्लिश्ड होतं, थोडे रूट येतात आणि बरोबर तीन मिनिटांनी पडतं. परत येतं, परत तीन मिनिटांनी पडतं. रात्रभर हेच. पिंगला एकपण ड्रॉप नाही. सिनिअर म्हणतात समोरच्याचा राउटर खराब आहे.

उत्तर : ‘बरोबर तीन मिनिटं’ लिहिलंत म्हणून बरं झालं, नुसतं ‘पडतं’ लिहिलं असतं तर मी पण अंदाजच लावत बसले असते. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद, आणि काही राउटरवर होल्ड टाइम मुळातच १८० असतो, कीपअलाइव्ह दर ६० सेकंदांनी. काहींवर ९० आणि ३० असतो. म्हणजे सेशन वर आल्या आल्या कुणाला तरी समोरचं ऐकू येणं बंद होतंय आणि तो १८० सेकंद वाट बघून तोडतोय.

कुणाला ऐकू येत नाहीये? लॉगमध्ये होल्ड टायमर संपल्याचं नोटिफिकेशन, कोड ४, तुम्ही पाठवलंय का तुम्हाला आलंय ते बघा. ज्याने पाठवलं तो बहिरा झालेला आहे. माझा अंदाज, तुम्हीच पाठवत असणार, कारण रूट तुमच्याकडे येतायत.

हा प्रकार माझ्या स्वतःच्या लिंकवर झालाय, आम्ही दोन रात्री त्यात घालवल्या, एक राउटर बदललासुद्धा, म्हणून थोडं सविस्तर सांगते. ओपन छोटा असतो, कीपअलाइव्ह १९ बाइटांचा, साधं पिंग पण छोटं. हे सगळं आरामात जातं म्हणून सेशन वर येतं आणि पिंग स्वच्छ दिसतं. मग समोरचा रूट द्यायला लागतो, फुल टेबल, म्हणजे जगातले सगळे रूट, असतील तर आज आयपीव्ही४ चे ९ लाखांच्या वर, आणि तेव्हा टीसीपी पॅकेटं पूर्ण भरून पाठवते, १५०० बाइटांची. आमच्या लिंकमध्ये मध्ये ज्याच्याकडून वाहतूक घेतली होती त्याने टनेल केलेला होता, म्हणजे आपलं पॅकेट दुसऱ्या पॅकेटात घालून नेत होता, त्यात २४ बाइट जास्तीचे लागत होते, म्हणजे १४७६ च्या वरचं काही जात नव्हतं. पॅकेटवर तोडू नका असा बिट लावलेला, आणि "बाबा, छोटं करून पाठव" सांगणारा आयसीएमपी मेसेज कुणीतरी सिक्युरिटीच्या नावाखाली फिल्टर केलेला. मग काय, समोरचा तेच मोठं पॅकेट परत परत पाठवतोय, ते परत परत मरतंय, आणि टीसीपी क्रम सोडत नाही त्यामुळे त्याच्या मागे रांगेत उभे असलेले कीपअलाइव्ह पण आपल्या राउटरच्या बीजीपीपर्यंत पोचत नाहीत. समोरचा आपल्या परीने बोलतोय, आपल्याला शांतता ऐकू येतेय. १८० सेकंद झाले की तोडलं. परत ओपन, परत छोटे मेसेज, परत एस्टॅब्लिश्ड, परत तेच.

म्हणून तोडू-नका बिट लावून १५०० चं पिंग मारा, दोन्ही बाजूंनी. काही राउटरवर १५०० लिहिलं की ते हेडरसकट धरतात, लिनक्सवरून मारत असाल तर १४७२ लिहा, कारण २८ बाइट हेडरचे वर चढतात. ते गेलं नाही तर कमी करत करत कुठं जातं तो आकडा शोधा आणि तो आकडा लिहून वाहतूकवाल्याला मेल करा, आकडा दिला की ते लवकर हलतात. तोवर रात्र काढायची असेल तर त्या सेशनचा टीसीपी एमएसएस, म्हणजे एका पॅकेटात किती बाइट भरायचे ती मर्यादा, कमी करा. पण तो कायमचा उपाय समजू नका, ग्राहकांची मोठी पॅकेटं त्याच तारेतून जाणार आहेत आणि ती पण अशीच अडकतील. होल्ड टाइम वाढवून तर काहीच होणार नाही, फक्त तीन मिनिटांच्या जागी दहा मिनिटांनी पडेल.

मोठं पिंग स्वच्छ गेलं तर मग राउटरचा सीपीयू आणि लिंकवरची रांग बघा. पण सिनिअरना म्हणावं, समोरच्याचा राउटर बदलायला सांगायच्या आधी हे एक पिंग मारू द्या.

प्रश्न : म्हापशाहून लिहितोय. आम्ही मुंबईच्या एका एक्स्चेंजवर (जिथे बरीच नेटवर्कं एकमेकांना थेट जोडली जातात तिथे) पोर्ट घेतलं. रूट सर्व्हरशी सेशन एस्टॅब्लिश्ड आहे पण एका राउटरवर शून्य रूट दिसतात, आणि दुसऱ्या कंपनीचा राउटर लावला तर सेशन वर येऊन लगेच तुटतं. दोन राउटर, दोन वेगळे आजार, असं कसं?

उत्तर : दोन्ही आजार नाहीत, दोन्ही राउटर सावध आहेत एवढंच.

शून्यवाला आधी. २०१७ च्या आरएफसी ८२१२ ने असं ठरवलं की बाहेरच्या एएसशी सेशन असेल आणि काय घ्यायचं काय द्यायचं याची पॉलिसी लिहिलेली नसेल तर काहीच घ्यायचं नाही आणि काहीच द्यायचं नाही. पूर्वी उलटं होतं, पॉलिसी नसेल तर सगळं घ्या सगळं द्या, आणि त्यातून छोट्या नेटवर्कांनी एका अपस्ट्रीमचे रूट दुसऱ्याला देऊन स्वतःच्या छोट्याशा लिंकवर जगाचं ट्रॅफिक ओढून घेतल्याच्या गोष्टी बऱ्याच घडल्या. तेव्हा इन आणि आउट दोन्ही पॉलिसी लिहा, रूट यायला लागतील. आउटमध्ये फक्त तुमचे आणि तुमच्या ग्राहकांचे प्रीफिक्स, बाकी सगळं नाही, यात आळस करू नका.

तुटणारा वेगळा. साध्या पीअरने, म्हणजे सेशनच्या पलीकडच्या शेजाऱ्याने, रूट दिला तर एएसच्या मार्गात पहिला नंबर त्याचाच असतो, आणि काही राउटर हे तपासतात, नसेल तर खोटा समजून रूट टाकून देतात नाहीतर सेशनच तोडतात. रूट सर्व्हर मुद्दाम आपला नंबर मार्गात घालत नाही, कारण ट्रॅफिक त्याच्यातून जातच नाही, तो फक्त सगळ्यांचे रूट सगळ्यांना सांगतो आणि पॅकेटं एक्स्चेंजच्या स्विचवरून थेट त्या त्या मेंबरकडे जातात. तेव्हा रूट सर्व्हरच्या सेशनपुरती ही ‘पहिला एएस’ तपासणी बंद करा. फक्त त्याच सेशनपुरती, बाकीच्यांवर चालू राहू द्या. तुमच्या राउटरवर ती सगळ्यांना मिळून एकदमच बंद होत असेल तर बाकीच्या सेशनचे फिल्टर आधी परत एकदा वाचून घ्या.

आणि कमाल प्रीफिक्सची मर्यादा लावलीच पाहिजे, पण ती आज जेवढे रूट येतात त्याच्यापेक्षा बऱ्यापैकी वर ठेवा. ती ओलांडली की सेशन बंद होतं आणि काही राउटरवर कुणीतरी हाताने चालू करेपर्यंत आयडलच राहतं, रविवारी दुपारी हे झालं की घरून शोधत बसावं लागतं.

प्रश्न : एमडी५ पासवर्ड लावला म्हणजे आमचं बीजीपी सुरक्षित झालं ना? (पुणे)

उत्तर : तुमचं सेशन सुरक्षित झालं, म्हणजे तिसरा कुणी मध्ये घुसून खोटं टीसीपी पॅकेट टाकून ते तोडू शकणार नाही. तेवढ्यासाठी तो लावाच. दोन्हीकडचे राउटर टीसीपी-एओ (पॅकेटवर सही करायची नवी पद्धत) करत असतील तर ते जास्त चांगलं, एमडी५ आता जुनं झालंय. पण ज्याच्याशी सेशन आहे तो खरं बोलतोय का, हे पासवर्डला कळत नाही.

२४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तानात यूट्यूब बंद करायचा सरकारी आदेश होता. पाकिस्तान टेलिकॉमने देशात अडवण्यासाठी २०८.६५.१५३.० हा /२४ आपल्याकडे ओढला आणि तो रूट बाहेर त्यांच्या अपस्ट्रीमकडे निसटला, तिथून जगभर. यूट्यूब स्वतः /२२ सांगत होतं (तिरप्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा तितका ब्लॉक लहान), आणि राउटर नेहमी जास्त बारीक ब्लॉक मानतात, त्यामुळे साधारण दोन तास जगातल्या मोठ्या भागातलं यूट्यूबचं ट्रॅफिक पाकिस्तानकडे गेलं. त्यात एकही सेशन तुटलं नव्हतं, सगळी एस्टॅब्लिश्ड होती, सगळी ओळखीच्या पीअरशी.

त्यासाठी आपल्या ब्लॉकची आरओए बनवावी लागते, म्हणजे हा ब्लॉक फक्त हाच एएस जाहीर करू शकतो असं सही केलेलं पत्र, आणि येणारे रूट त्याच्याशी ताडून चुकीचे टाकून द्यायचं तुमच्या राउटरला पण शिकवावं लागतं. आरओए भरताना एक चूक फार लोक करतात. कमाल लांबीच्या रकान्यात "पुढे लागेल" म्हणून सरसकट २४ लिहितात. तुम्ही /२२ च जाहीर करत असाल तर तिथे २२ च लिहा, नाहीतर कुणी मार्गाच्या शेवटी तुमचाच एएस नंबर चिकटवून तुमचा एखादा /२४ जाहीर केला तर तो तपासणीत बरोबर ठरेल, आणि बारीक असल्यामुळे तुमच्या खऱ्या रूटच्या आधी लोक त्याचंच ऐकतील.